गाठ आटली, पण कोणत्या उंदरात?

१९६० साली अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जॉन मोलोनी यांनी उंदराच्या एका गाठीतून विषाणू वेगळा काढला. तो पिल्लांना टोचला की काही महिन्यांत त्यांना रक्ताचा कर्करोग होई. पुढे उलगडा झाला की हा विषाणू पेशीत शिरला की आपली जनुकं थेट तिच्या डीएनएत घुसवतो, आणि ती नेमकी वाढीच्या एखाद्या जनुकाशेजारी जाऊन बसली तर पेशी बेलगाम होते. १९८९ मध्ये त्याच संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने याच विषाणूचा रोगाची जनुकं काढून टाकलेला सांगाडा घेतला. त्यात खुणेचं एक जनुक ठेवलं, ते मेलॅनोमाच्या, म्हणजे एका घातक त्वचाकर्करोगाच्या, रुग्णांच्या रोगप्रतिकारक पेशींत पोचवलं आणि त्या पेशी रुग्णांना परत दिल्या. रीतसर परवानगी घेऊन माणसाच्या शरीरात परकं जनुक सोडण्याची ती पहिली वेळ. कर्करोग घडवणारा विषाणू कर्करोगाच्या डॉक्टरांचा हमाल झाला होता.

उंदीर, विषाणू आणि गाठ हे त्रिकूट आपल्याकडेही जुनं आहे. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये मादी उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगाचा पाठपुरावा केला. आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा विषाणू, शरीरातली संप्रेरकं आणि उंदराचं वाण यांचं एकमेकांशी काय नातं आहे हा त्यांचा प्रश्न होता. तो दुधातला विषाणू आणि मोलोनींचा विषाणू एकाच मोठ्या कुळातले, रेट्रोव्हायरस. त्या काळी सगळी धडपड या कुळाने केलेलं नुकसान समजून घेण्याची होती. हे कूळच पुढे कामाला जुंपता येईल, असं परळमध्ये किंवा बेथेस्डात कोणाला वाटलं असेल असं दिसत नाही.

गेल्या चार दशकांत ही जुंपणी इतकी रुळली आहे की ‘विषाणूने बदललेल्या पेशींनी उंदरांमधल्या गाठी आटल्या’ ही बातमी आता वरचेवर छापून येते. बातमी बहुधा खरीच असते. तरी तिच्यातून वाचकाच्या हाती फारसं लागत नाही, कारण गाठ आटली हे सांगताना ती कोणत्या उंदरात आटली हे सांगायचं राहून जातं. या क्षेत्राची मोठी यशं घ्या किंवा मोठे अपघात घ्या, त्यांचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा उंदराच्या निवडीपाशी येऊन थांबावं लागतं.

टी पेशी या पांढऱ्या पेशींमधल्या मारेकरी. प्रत्येकीच्या अंगावर एक ग्राहक असतो, आणि त्याला जुळणारा तुकडा समोरच्या पेशीवर दिसला की टी पेशी तिला भोक पाडून मारते. अडचण अशी की कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातली असल्याने तिला ओळखणाऱ्या टी पेशी मुळात थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या दमलेल्या असतात. त्यावर दोन वाटा निघाल्या. शरीरातच सापडलेल्या चांगल्या पेशी बाहेर काढून वाढवायच्या, ही पहिली. दुसरी म्हणजे साध्या टी पेशींना विषाणूकरवी नवा ग्राहक द्यायचा.

पहिली वाट रोझेनबर्ग यांनी उंदरांवरच पक्की केली. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या गाठीत शिरलेल्या टी पेशी बाहेर काढून वाढवल्या, आतड्याच्या कर्करोगाची यकृतात पसरलेली बीजं असलेल्या उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड हे औषध आणि टी पेशींना वाढवणारं इंटरल्यूकिन-२ हे रसायन यांच्याबरोबर दिल्या, आणि सगळेच्या सगळे उंदीर बरे झाले. फुप्फुसात पसरलेला रोग मात्र जास्तीत जास्त निम्म्या उंदरांत गेला. रोग एकच, प्राणी एकच, फक्त जागा वेगळी, आणि निकाल निम्म्यावर. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोलाचा होता, पण लोकांच्या लक्षात पहिलाच राहिला.

दुसऱ्या वाटेला विषाणू लागतो, आणि तो सुरक्षित लागतो. १९८३ मध्ये एमआयटीत रिचर्ड मुलिगन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांच्या गटाने अशा पेशी तयार केल्या की त्यांतून बाहेर पडणारा विषाणू एकदाच शिरू शकतो. आत गेल्यावर त्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत. ही युक्ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मग १९८९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्या गटाने प्रतिद्रव्याचं टोक आणि टी पेशीच्या ग्राहकाचा आतला भाग जोडून एक मिश्र ग्राहक केला. टी पेशीला एरवी शत्रूचा तुकडा एका ठरावीक रेणूच्या तबकात मांडून दाखवावा लागतो. प्रतिद्रव्याचं टोक लावल्यावर ती अट उरली नाही, समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरची खूण ती थेट पकडू लागली. आज जिला कार-टी म्हणतात तिचा हा आरंभ.

आता प्रयोगशाळेत हे कसं होतं ते जवळून पाहू, कारण पुढचे बरेच प्रश्न या कृतीतच दडलेले आहेत. उंदराची प्लीहा काढतात. बोटाच्या पेराहून थोडी आखूड, गडद लाल, चपटी. ती बारीक जाळीवर दाबून पेशी सुट्या करतात, तांबड्या पेशी फोडून टाकतात आणि उरलेल्या टी पेशींना प्रतिद्रव्यं लावून जागं करतात. एका दिवसात त्या फुगतात, झुबक्यांनी वाढू लागतात. ही जाग आणणं महत्त्वाचं, कारण मोलोनींच्या जातीचा विषाणू विभागणाऱ्या पेशीतच आपलं जनुक बसवू शकतो. एचआयव्हीच्या कुळातल्या लेंटिव्हायरसला ही अट नाही, म्हणून माणसाच्या पेशींसाठी पुढे त्याचा वापर वाढला. फिब्रोनेक्टिन या प्रथिनाचा तुकडा माखलेल्या प्लेटमध्ये विषाणू आणि पेशी एकत्र घालतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ३२ अंशांवर तास-दोन तास फिरवतात, म्हणजे दोघं एकमेकांवर दाबले जातात. दोन दिवसांनी किती टक्के पेशींवर नवा ग्राहक उगवला ते मोजतात. काही वेळा निम्म्या, काही वेळा त्याहून बऱ्याच कमी. म्हणजे उंदराला जे टोचलं जातं ते एकसारख्या पेशींचं औषध नसून बदललेल्या आणि न बदललेल्या पेशींची सरमिसळ असते.

टोचायचं शेपटीतून. उंदराला दिव्याच्या उबेत ठेवलं की शेपटीच्या दोन्ही कडांच्या शिरा फुलतात, मग त्याला नळीत बसवून बारीक सुईने पेशी सोडायच्या. पेशींचे गोळे झालेले असतील तर ते फुप्फुसात अडकून उंदीर तिथल्या तिथे मरू शकतो. गाठ कातडीखाली असेल तर ती कॅलिपरने मोजतात: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. रुंदीचा वर्ग होत असल्याने मापात अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाला तरी घनफळ बरंच हलतं. म्हणून मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं, अशी अपेक्षा असते. शोधनिबंधात तसा उल्लेख सापडला नाही तर वाचकाने आलेखाकडे जरा सावधपणे पाहावं. रक्ताचा कर्करोग असेल तर त्या पेशींत काजव्याचं जनुक आधीच घातलेलं असतं. कॅमेऱ्याखाली झोपवलेल्या उंदराच्या पोटातून, पाठीतून प्रकाश दिसतो आणि उपचार लागू पडला की तो मावळतो. ही चित्रं फार बोलकी असतात, आणि बातमीबरोबर हमखास तीच छापली जातात.

उंदरांचे मोठे गट दोन. एकात उंदीर धडधाकट असतो, त्याची रोगप्रतिकार शक्ती शाबूत असते, गाठ उंदराची आणि टी पेशीही उंदराच्या. या कामातला नेहमीचा उंदीर म्हणजे काळ्या रंगाचा सी-५७ ब्लॅक-६, आणि नेहमीची गाठ म्हणजे बी-१६ मेलॅनोमा, जी १९५४ च्या सुमारास अशाच एका उंदराला आपोआप झाली आणि तेव्हापासून प्रयोगशाळांमधून वाढवली जात आहे. २००१ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेत टॉन शुमाखर यांच्या गटाने रेट्रोव्हायरसने ग्राहक बदललेल्या टी पेशी अशा धडधाकट उंदरांत वाढतात आणि गाठीपर्यंत जाऊन पोचतात हे दाखवलं. बी-१६ वरचं काम मात्र जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ही गाठ सहजी हटत नाही. २००३ मध्ये रोझेनबर्ग यांच्या संस्थेतून आलेल्या अभ्यासात योग्य ग्राहक असलेल्या टी पेशी नुसत्या टोचून भागलं नाही. त्यांच्याबरोबर लस आणि इंटरल्यूकिन-२ दिलं तेव्हाच वाढलेल्या गाठी आटल्या. नंतर याच संस्थेतल्या प्रयोगांतून कळलं की पेशी देण्याआधी उंदराच्या मूळच्या पांढऱ्या पेशी किरणांनी किंवा औषधांनी कमी केल्या तर नव्या पेशींना जागा आणि वाढीची रसायनं दोन्ही मिळतात, आणि प्रयोगशाळेत फार वाढवून ‘पिकवलेल्या’ पेशींपेक्षा कोवळ्या पेशी शरीरात जास्त टिकतात. आज कार-टी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला आधी तीन-चार दिवस औषधं देऊन त्याच्या पांढऱ्या पेशी उतरवतात. त्यामागे उंदरांवरच्या या कामाचं मोठं पाठबळ आहे.

दुसरा गट म्हणजे अगदी निराधार उंदीर. माणसाची गाठ उंदरात वाढवायची तर त्याच्या रोगप्रतिकार शक्तीने ती फेकून देता कामा नये. म्हणून जपानमध्ये आणि अमेरिकेच्या जॅक्सन प्रयोगशाळेत २००० नंतरच्या काही वर्षांत असे वाण तयार झाले ज्यांना टी पेशी नाहीत, बी पेशी नाहीत, नैसर्गिक मारेकरी पेशीही नाहीत. अमेरिकन वाणाचं नाव एनएसजी. त्यात माणसाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, वाढवता येतो आणि माणसाच्याच बदललेल्या टी पेशी सोडून पाहता येतात. न्यूयॉर्कला मिशेल सॅडेलेन आणि रेनियर ब्रेंटजेन्स यांनी २००३ मध्ये अशाच दुबळ्या उंदरांत सीडी-१९ ही खूण ओळखणाऱ्या माणसाच्या टी पेशींनी बी पेशींचा कर्करोग नाहीसा करून दाखवला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात दारिओ कांपाना यांच्या गटाने २००४ मध्ये ग्राहकाच्या आत आणखी एक चेतवणारा तुकडा जोडला, आणि तो पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कार्ल जून यांच्या उपचारात आला. २०११ मध्ये जून यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. तिघांपैकी दोघांचा ल्युकेमिया पूर्ण मावळला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यावर बेतलेल्या उपचाराला अमेरिकेत परवानगी मिळाली.

सीडी-१९ च्या बाबतीत उंदराने खरं सांगितलं, हे मान्य करायलाच हवं. पण ते का खरं ठरलं तेही पाहिलं पाहिजे. ल्युकेमियाच्या पेशी रक्तात आणि अस्थिमज्जेत असतात, टी पेशी एरवीही तिथेच फिरतात, जवळजवळ प्रत्येक रोगी पेशीवर ही खूण असते, आणि प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या निरोगी बी पेशी मारल्या गेल्या तरी माणूस बाहेरून प्रतिद्रव्यं घेऊन जगू शकतो. उंदराला विचारलेला प्रश्न सोपा होता, आणि योगायोगाने माणसाच्या शरीरातही तो तितकाच सोपा होता.

जे त्याला विचारता येत नव्हतं ते एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियात समोर आलं. एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी, कार-टी घेणारं पहिलं मूल. पेशी दिल्यावर तिला प्रचंड ताप भरला, रक्तदाब ढासळला, ती व्हेंटिलेटरवर गेली. तपासणीत इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं रसायन भलतंच वाढलेलं दिसलं. संधिवाताच्या औषधांशी घरच्या आजारपणामुळे परिचय असलेल्या जून यांना टोसिलिझुमॅब आठवलं, ते दिलं, आणि ती काही तासांत सावरू लागली. आज या रसायन-वादळावर तेच नेहमीचं औषध आहे. शेकडो उंदीर बरे झाले होते, पण हे वादळ कोणी पाहिलं नव्हतं. कारण सरळ आहे: माणसाच्या टी पेशींनी सोडलेली काही रसायनं उंदराच्या पेशींना कळतच नाहीत, आणि एनएसजी उंदरात प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या इतर पेशीही धड नसतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क आणि मिलान इथल्या दोन गटांनी वेगळे उंदीर घेतले. मिलानच्या उंदरांत माणसाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींपासून वाढवलेल्या पांढऱ्या पेशी होत्या. त्यांत वादळ आलं, आणि कळलं की इंटरल्यूकिन-६ मुख्यतः टी पेशी नव्हे तर मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या इतर पांढऱ्या पेशी सोडतात, आणि त्याच्याही आधी इंटरल्यूकिन-१ चा वाटा असतो. उंदराकडून उत्तर मिळालं, पण सहा वर्षांनी, आणि प्रश्न मुलीच्या खाटेपाशी तयार झाल्यावर.

याहून वाईट घटना २०१० मध्ये छापून आली. ईआरबीबी-२ ही स्तनाच्या कर्करोगात ओळखीची खूण. तिच्याविरुद्धच्या कार-टी पेशी आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या एका रुग्णाला दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांत मृत्यू. फुप्फुसातल्या निरोगी पेशींवरही ही खूण थोडी थोडी असते, आणि टोचलेल्या पेशी आधी तिथेच पोचल्या. उंदरात हे का दिसलं नाही? तिथे वापरलेलं प्रतिद्रव्याचं टोक माणसाच्या ईआरबीबी-२ ला चिकटतं, उंदराच्या नाही. उंदराचं फुप्फुस त्या पेशींना दिसतच नव्हतं. सुरक्षित असल्याची उंदराने दिलेली ग्वाही निरर्थक होती, कारण त्याच्या शरीरात धोक्याची जागाच नव्हती. २०१३ मध्ये मॅज-ए-३ या खुणेविरुद्ध धार वाढवलेल्या ग्राहकाने दोन रुग्णांचं हृदय बंद पडलं. पेशी हृदयातल्या टायटिन या प्रथिनाला भुलल्या होत्या. हे नंतर शोधून काढायलाही उंदीर नाही, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या, धडधडणाऱ्या मानवी हृदयपेशी लागल्या.

उलटंही घडतं. २०१० मध्येच शुमाखर यांच्या गटाने दाखवलं की टी पेशीत नवा ग्राहक घातल्यावर त्याच्या साखळ्या जुन्या ग्राहकाच्या साखळ्यांशी चुकीच्या जोडल्या जातात आणि तयार होणारा संकर उंदराच्याच शरीरावर उलटतो. उंदीर मेले. क्षेत्रात चांगलीच धास्ती बसली. माणसांच्या चाचण्यांत मात्र हा प्रकार तशा रूपात दिसला नाही. तरी ती धास्ती वाया गेली असं मला वाटत नाही. चुकीची जोडी टाळण्याच्या युक्त्या तिच्यामुळेच नेहमीच्या झाल्या, आणि त्यांचा एक लाभ असा की हवा तो ग्राहक पेशीवर जास्त संख्येने उगवतो.

खरं अडतं ते अवयवांतल्या गाठींपाशी. २००९ मध्ये जून यांच्या गटाने निराधार उंदरांच्या कातडीखाली मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या, चांगल्या वाढलेल्या गाठी घेतल्या आणि मेसोथेलिन ही खूण ओळखणाऱ्या टी पेशींनी त्या आटवल्या. फार गाजलेला प्रयोग. त्याच संस्थेने हीच खूण धरून १५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये छापली. त्यात कोणाचीही गाठ निकषाइतकी आटली नाही. काही काळ वाढ थांबणं हा सर्वांत चांगला निकाल होता. फरक कुठे पडला? उंदराच्या कातडीखालची गाठ काही आठवड्यांची असते, एकाच जातीच्या पेशींची असते, त्या पेशींवर खूण सारखी असते. माणसाची गाठ बऱ्याच वर्षांची असते. तिने भोवती तंतूंची भिंत उभारलेली असते, टी पेशींना गप्प करणारी स्वतःची फौज बाळगलेली असते, आणि तिच्या काही पेशींवर खूण असते, काहींवर नसते. निराधार उंदरात ही फौज उभीच राहू शकत नाही. त्यातून प्रयोगशाळेतले उंदीर जंतूंपासून इतके जपलेले असतात की त्यांची रोगप्रतिकार यंत्रणा नवजात बाळासारखी भासते, हे २०१६ मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड मासोपस्ट यांच्या गटाने दुकानातून आणलेल्या उंदरांशी तुलना करून दाखवलं.

मग उंदराला बाजूला करायचं का? मेंदूतल्या गाठींवरचं स्टॅनफर्डचं काम वाचल्यावर तसं म्हणवत नाही. मेंदूच्या देठात मुलांना होणारी एक गाठ आहे, तिचं निदान झाल्यावर मूल साधारण वर्षभर जगतं. शस्त्रक्रिया करता येत नाही, किरणांचा परिणाम तात्पुरता. मिशेल मॉन्जे आणि क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने २०१८ मध्ये जीडी-२ ही खूण ओळखणाऱ्या पेशींनी उंदरांच्या मेंदूतल्या या गाठी जवळजवळ साफ केल्या. गाठ कातडीखाली नव्हे, तिच्या खऱ्या जागी लावलेली होती, आणि त्यामुळेच दुसरी गोष्टही दिसली: गाठ थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात असेल तर टी पेशी कामाला लागल्यावर येणाऱ्या सुजेने मेंदूतल्या पाण्याची वाट बंद होते आणि काही उंदीर मरतात. ही बाब त्यांच्या शोधनिबंधात ठळकपणे मांडली गेली. माणसांची चाचणी आखताना मेंदूतला दाब तपासायला आणि पाणी काढायला टाळूखाली आधीच छोटी टाकी बसवणं, रुग्णाला देखरेखीखाली ठेवणं, हे सगळं ठरवून झालं. २०२४ मध्ये ११ रुग्णांची माहिती आली. चौघांच्या गाठी निम्म्याहून जास्त आटल्या, त्यांतल्या एकाची पूर्ण गेली. या रोगात असं पूर्वी होत नसे. उपचार लागू पडेल आणि त्याचा धोका कुठून येईल, दोन्ही गोष्टी उंदराने आधी सांगितल्या होत्या, कारण गाठ लावताना त्रास घेतला होता.

आता हमालाकडे वळू. विषाणू आपलं जनुक डीएनएत कुठे बसवेल हे त्याला सांगता येत नाही. पॅरिस आणि लंडनमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या मूळ पेशींत मोलोनी जातीच्या विषाणूने जनुक घातलं तेव्हा २० पैकी ५ मुलांना पुढे ल्युकेमिया झाला. विषाणू बहुतेकांत एलएमओ-२ या जनुकाशेजारी बसला होता. परिपक्व टी पेशी त्या मानाने दणकट निघाल्या. २००८ मधल्या एका जर्मन प्रयोगात मूळ पेशींत कर्करोगाची जनुकं घातली तेव्हा उंदरांना गाठी झाल्या, परिपक्व टी पेशींत तीच घातली तेव्हा झाल्या नाहीत. यावर बरीच वर्षं सगळे निर्धास्त होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कार-टी घेतलेल्यांत टी पेशींचेच कर्करोग आढळल्याचं जाहीर केलं. वर्षअखेरीपर्यंत अशी २२ प्रकरणं नोंदली गेली होती, तोवर २७,००० हून जास्त मात्रा देऊन झाल्या होत्या. प्रमाण फार थोडं, आणि प्रत्येक वेळी दोष विषाणूचाच असं सिद्ध झालेलं नाही. ज्याला दुसरा इलाजच उरलेला नाही त्याने यामुळे हा उपचार नाकारावा असं कोणी जाणता डॉक्टर सांगणार नाही. पण साध्या दुखण्यांवर हीच पद्धत वापरायची चर्चा सुरू आहे, तिथे हा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

सॅडेलेन यांच्या गटाने २०१७ मध्ये यावर एक सुरेख तोड काढली. क्रिस्पर या जनुकीय कात्रीने टी पेशीच्या मूळ ग्राहकाच्या जनुकाची जागाच कापली आणि कार, म्हणजे तो मिश्र ग्राहक, तिथेच बसवला. माल पोचवायला विषाणू होता, पण तो कुठे बसायचं ते ठरवत नव्हता. या पेशी रेट्रोव्हायरसने बदललेल्या पेशींपेक्षा उंदरांत सरस ठरल्या, उशिरा दमल्या. मला त्यांच्या शोधनिबंधात कौतुक वाटलं ते परीक्षेचं. त्यांनी उंदरांना मुद्दाम कमी पेशी दिल्या. भरपूर पेशी दिल्या तर कोणताही कार उंदीर बरा करतो आणि दोन कारमधला फरक दिसत नाही. अपुऱ्या पेशींवर कोण तगतं ते पाहिलं तरच निवड करता येते. उंदीर बरा झाल्याची बातमी वाचताना पेशी किती दिल्या होत्या हेही शोधून पाहावं.

आपल्याकडचं काम या सगळ्याच्या पुढच्या टोकाला आहे. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने लेंटिव्हायरस वापरून सीडी-१९ विरुद्धचा कार बनवला. परदेशी उत्पादनांत जे प्रतिद्रव्याचं टोक आहे ते मुळात उंदराचं, ते त्यांनी माणसाच्या वळणाचं करून घेतलं. २०२१ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात उंदरांमधला ल्युकेमिया आटोक्यात आला आणि तापाची रसायनं मात्र कमी निघाली. त्याच वर्षी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर माणसांवर चाचणी सुरू झाली. त्यातलं खारघरचं केंद्र म्हणजे रणदिव्यांच्या परळच्या संस्थेचंच आजचं रूप. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. २०२५ मध्ये छापलेल्या निकालांत ६४ रुग्णांवर उपचार झाले होते, ज्यांचा परिणाम मोजता आला त्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांना गुण आला. अमेरिकेतल्या पहिल्या उत्पादनाची २०१७ मधली किंमत ४,७५,००० डॉलर होती. इथलं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात बसतं, जे आपल्या घरांसाठी अजूनही फारच आहे.

किंमत उतरवायची तर पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, विषाणू थेट शिरेतून सोडायचा आणि त्याच्या अंगावर टी पेशीचा पत्ता लिहून द्यायचा, अशी खटपट चालू आहे. जर्मनीत क्रिस्तियान बुखहोल्त्स यांच्या गटाने फक्त सीडी-८, म्हणजे मारेकरी, टी पेशींत शिरणारा लेंटिव्हायरस उंदरांत सोडून २०१८ मध्ये हे शक्य असल्याचं दाखवलं, आणि २०२५ मध्ये मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या चार रुग्णांवर तत्सम विषाणू वापरल्याची माहिती चीनमधून आली. पण पत्ता माणसाच्या टी पेशीचा असल्याने साधा उंदीर इथेही उपयोगाचा नाही. आधी त्याच्यात माणसाचं रक्त रुजवावं लागतं, आणि मग विषाणू चुकून यकृतात किती शिरतो, हा कळीचा प्रश्न उंदराच्या यकृताला विचारावा लागतो.

भारतातले बहुसंख्य कर्करोग सीडी-१९ वाले नाहीत. तोंडाचे, स्तनाचे, गर्भाशयमुखाचे आहेत. तोंडाच्या कर्करोगासाठी एक उंदीर आहे. पिण्याच्या पाण्यात फोर-एनक्यूओ हे रसायन चारेक महिने घातलं की धडधाकट उंदराच्या जिभेवर आधी पांढरे चट्टे येतात, मग सहा महिन्यांच्या आसपास गाठी होतात. तंबाखूसारख्याच जनुकीय खुणा, शाबूत प्रतिकारशक्ती, हळूहळू वाढणारा रोग. बदललेल्या टी पेशींची परीक्षा घ्यायला यापेक्षा योग्य जागा कमी असतील. मात्र त्या गाठी प्रत्येक उंदराला एकाच दिवशी होत नाहीत, कॅलिपर जिभेवर चालत नाही, जेवता न आल्याने उंदीर खंगतात, आणि उंदीरघराचं सहा महिन्यांचं भाडं प्रकल्पाच्या पैशांतून भरावं लागतं. कुशीत टोचलेली गाठ तीन आठवड्यांत आलेख काढून देते.